भाऊजींच्या गाडीचा टप

माणसाची, गाडीची आणि संसाराची निम्मी दुखणी डोक्यावरच्या वजनानं होतात, असं छातीठोकपणे सांगणारा उभ्या सातारा-सांगलीत एकच माणूस आहे आणि तो माझ्या वाट्याला धाकटा दीर म्हणून आला. कराडजवळच्या मलकापुरात त्यांचं खता-बियाण्याचं दुकान. दुकानात पोती तोलायचा मोठा काटा आहे. त्यावर भाऊजींनी आजवर खत कमी आणि पाहुणे जास्त तोलले असतील. गाडीतून कुठं जायचं ठरलं, की आधी सगळ्यांनी एकेक करून काट्यावर उभं राहायचं. मग भाऊजी मनातल्या मनात काहीतरी मांडणार आणि कोण कुठं बसणार ते जाहीर करणार. एकदा माझ्या नणंदेचे सासरे आले होते. भारदस्त माणूस, गावात मान मोठा. त्यांना भाऊजी म्हणाले, "मामा, तुमी बरूबर मदी बसा. तुमचं वजान एका अंगाला पडलं तर गाडी लंगडंल." मामा रागानं एसटीनं गेले. संध्याकाळी भाऊजी खुशीत सांगत होते, "वैनी, मामा न्हवतं त्येनं गाडी काय पळाली म्हणून सांगू!"

पण माणसांची त्यांना तेवढी भीती नाही. माणसं निदान खाली बसतात. त्यांचा खरा वैरी म्हणजे टप. आमच्याकडं गाडीच्या टपावर काय चढत नाही? लग्नाचं रुखवत, कडब्याच्या पेंढ्या, सायकल, बाज, आणि वेळ पडली तर नवरदेवाचा मामासुद्धा. भाऊजींच्या टपावर कावळा बसला तरी ते गाडी थांबवून खाली उतरतात, त्याला हुसकून लावतात आणि मग पुढं निघतात. त्यांचं म्हणणं असं, की गाडी म्हणजे उभा डबा. वळणावर डबा बाहेरच्या अंगाला कलणारच. पण वजन बुडाशी असलं तर थोडा कलेल आणि टाळक्याशी असलं तर झोकांडी खाईल. आता हे बोलणं चुकीचं आहे असं कोण म्हणेल? पण ते सिद्ध करायला त्यांनी ऐन जेवणाच्या पंगतीत उंच डब्यावर वरवंटा ठेवला, डबा ताटात ठेवला आणि ताट गर्रकन फिरवलं. वरवंटा कटाच्या आमटीच्या पातेल्यात गेला. आमटीनं न्हालेल्या सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "ह्ये कशानं झालं रं?"

"आई, वजान वर हुतं म्हणून."

"आन् अक्कल? ती कुटं ठिवलीवतीस?"

मला हे सगळं फार गमतीचं वाटायचं, कारण मी तेव्हा नवी नवरी होते आणि सांगलीची होते. सांगलीची म्हणजे काय, हे मलकापूरकरांना कळावं म्हणून मी फार कष्ट घ्यायची. सासूबाईंची पाठ वळली की गॉगल. बोलताना मधेच 'ॲक्च्युअली'. त्याचा अर्थ मला नीट ठाऊक नव्हता, पण समोरच्यालाही नव्हता, त्यामुळं निभावून जायचं. आणि डोक्यावर गंगावन घालून बांधलेला कलिंगडाएवढा अंबाडा. माझी मान त्यानं दुखायची. मी त्याला डौल म्हणायची. पहिल्यांदाच सगळे मिळून साताऱ्याला निघालो, तर भाऊजी गाडीच्या दाराशी उभे. "वैनी, त्ये टोपलं काडून पायापाशी ठिवा." मी अर्थातच सांगलीचा मान राखून नकार दिला. पुढच्याच वळणावर अंबाडा सुटला आणि मागं बसलेल्या नणंदेच्या मांडीत पडला. तिनं आधी किंकाळी फोडली, मग ते काळं जनावर शेपटीला धरून खिडकीतून उसात भिरकावलं. मी रडवेली. भाऊजींनी मात्र स्टिअरिंगवर हात फिरवत म्हटलं, "बगा, गाडी लगीच सरळ झाली का न्हाई!"

या वेडाला कारण होतं, आणि ते कारण माझ्या शेजारीच बसायचं: माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघी एकाच मांडवातून या घरात आलो. तिचं माहेर साताऱ्याच्या वर. यवतेश्वरचा घाट चढून, कास ओलांडून पलीकडं. आणि तिला गाडी लागते. लागते म्हणजे कशी? इंजिन सुरू झालं की ती लिंबू हुंगायला लागते आणि घाटाचं पहिलं वळण दिसलं की पिशवी उघडते. आलेपाक झाला, गोळ्या झाल्या, वर्तमानपत्राच्या घडीवर बसून झालं. ओकारी काही चुकली नाही. भाऊजींनी लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत निदान करून टाकलं: टप जड, म्हणून गाडी डुलते, गाडी डुलते, म्हणून बायको ओकते. तेव्हा टप हलका करायचा. आमच्याकडं बायकोवर जीव आहे हे कुणी तोंडानं बोलत नाही. भाऊजींनी ते पत्रा कापून सांगितलं.

सगळ्यात आधी त्यांनी जीपचा पत्र्याचा टप काढून ताडपत्री चढवली. गाडी हलकी झाली, पण ताडपत्री वाऱ्यानं अशी फडफडायची की उंब्रजपर्यंत जाईतो आम्हाला एकमेकींशी खुणांनीच बोलावं लागे. मग माझ्याच माहेरच्या गल्लीत फायबरच्या होड्या करणारा एक जण होता, त्याच्याकडून फायबरचा टप करून घेतला. तो होडीवाल्यानं सवयीनं होडीसारखाच केला. गाडी बघून लोक विचारायचे, "पूर आला तर उलटी करून घालायची का?" तो टप उन्हात तापला की असा वास सुटायचा, की जावेला घाटाचीही गरज उरली नाही, ती मलकापुरातच ओकली. त्यानंतर ॲल्युमिनियम. ते वजनाला छान, पण कोणीतरी वर कोपर टेकवलं की खड्डा. आरटीओतल्या साहेबांनी गाडीभोवती फेरी मारून विचारलं, "टप बदललाय?" भाऊजी म्हणाले, "हलका केलाय सायेब. गुन्हा हाय का?" साहेब म्हणाले, "व्हय." त्या दिवसापासून भाऊजी आधी अर्ज करतात आणि मग कापतात.

प्रत्येक नवा टप बसला की घाटात चाचणी. त्या वेळी मी पुढं, खिडकीशी. भाऊजी वळणावर गाडी घालायचे आणि ओरडायचे, "बगा वैनी, कशी रस्त्याला चिकटून चाललीय!" आणि खरंच चिकटायची हो. पूर्वी ज्या वळणावर गाडी एका अंगावर झुकायची, तिथं आता जेमतेम मान हलवायची. मी टाळ्या पिटून म्हणायची, "भाऊजी, अजून जोरात!" मागं जाऊ पिशवीत डोकं घालून बसलेली. मी तिला 'नाजूक बाई' म्हणायची. मला गाडी लागत नाही ही मला तेव्हा केवढी मोठी पदवी वाटायची!

अशी वर्षं गेली. जावेचं माहेरी जाणं हळूहळू सुटलं, पण मायलेकींची भेट अडली नाही, कारण तिची आईच दर दिवाळीनंतर एसटीनं खाली यायची. डोक्यावर नाचणीचं गाठोडं, कमरेला पानसुपारीची चंची, आणि उतरल्या उतरल्या जावयाला टोमणा: "जावईबापू, तुमच्या गाडीपरास आमची यष्टी बरी." यंदा मात्र ती आली नाही. नव्वदी गाठलेली, पाय गेले, नजरही गेल्यात जमा. भावाचा फोन आला, "आई तुजी वाट बघती. जेवती कमी आन् नाव तुजं जास्त घेती." जाऊ फोन ठेवून तशीच ओट्याशी उभी राहिली. दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही.

पुतण्या पुण्यात नोकरीला. त्यानं नवी मोटार घेतलेली, अख्ख्या काचेच्या छताची. तो म्हणाला, "आई, मी नेतो तुला. आतून आकाश दिसतं." भाऊजींनी त्या छताकडं असं पाहिलं, जसं कोणी घरात साप आणून सोडलाय. "आकाश बगायचं तर खाली उतर की रं! काच काय हलकी आसती? डोस्क्यावर काच घिऊन घाट चढतूस, आन् त्यात आईला बसवतूस?" त्याच आठवड्यात त्यांनी आपली जुनी मोटार पुण्याला नेली. शर्यतीच्या गाड्यांचं काम करणारा कोणी एक जण मोबाइलवर शोधून ठेवलेला होता. आतली लोखंडी चौकट तशीच मजबूत ठेवून वरचा पत्रा काढला आणि कार्बन फायबरचा टप चिकटवला. पण चिकटवायच्या आधी तो खास पुण्याहून घरी आणून माझ्या हातात दिला. काळा, चकाकता, विणलेल्या कापडासारखी नक्षी. "उचला वैनी, येका हातानं." या वयात मला पाण्याची कळशी उचलत नाही, टप उचलला. उडदाचा मोठा पापड धरावा तसा. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी. "आता काय बी व्हणार न्हाई. तिला आईम्होरं उबी करतो, हसत."

निघायच्या आदल्या दिवशी सवयीप्रमाणं चाचणी. कराडच्या बाहेर मोकळा वळणाचा रस्ता आहे. पुढं मी, मागं जाऊ. भाऊजींनी वळणात गाडी घातली. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकी सरळ उभी राहून वळणारी गाडी मी पाहिली नव्हती. मात्र गाडी सरळ आणि माझं पोट दाराला चिकटलेलं. दुसऱ्या वळणाला ते घशाशी आलं. तिसऱ्याला मी ओरडले, "थांबवा!" आणि दार उघडून, सगळ्या पदव्यांसकट, रस्त्याच्या कडेला वाकले. दुसऱ्या दारातून जाऊ. दोघी एकाच बाभळीला धरून.

भाऊजी तोवर खाली वाकून चाकं तपासत होते. "वैनी, तुमाला काय बाधलं? सकाळी काय खाल्लं हुतं?"

तोंड पुसून मी जावेकडं पाहिलं. ती पदराआड हसत होती.

"अगं, टपाचं काही नाहीच की गं हे!" मी कुजबुजले. "टप हलका होईल तेवढी हे वळणावर गाडी जोरात घालतात!"

"मला कवाच ठावं हाय, अक्का."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलू? ह्ये माझ्यासाठी पत्रं कापत्यात, गावभर फिरत्यात, अर्ज करत्यात. त्येवढं येकच काम ते निस्तं माझ्यासाठी करत्यात. ते बी काडून घिऊ?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोराच्या गाडीत बसले आस्ते तर पोचले आस्ते. पर ह्येनी मग जेवण टाकलं आस्तं. आन् आईत आता वाट बगायची ताकत उरली न्हाई. उद्या काय तरी बोलावंच लागंल."

दुसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी तिनं गाडी थांबवायला लावली. मला मागं पाठवलं, स्वतः पुढं येऊन बसली. लिंबू नाही, पिशवी नाही.

"आवं, ऐकलं का?"

"काय? मळमळतंय?"

"न्हाई. टप लय झाक झालाय. आजवरचा सगळ्यात झाक. आता येवडं करा. टप हलका केलासा, तसा पाय बी हलका ठिवा. मला हा टप सावकाश बगायचाय."

 भाऊजींनी गाडी काढली आणि दुसऱ्या गिअरच्या वर नेलीच नाही.

काय सांगू त्या माणसाचे हाल! जन्मभर ज्या टपाची वाट पाहिली तो डोक्यावर, समोर एकाहून एक सुंदर वळण, आणि पाय पिसासारखा. मागं रांग लागली. भोंगे वाजले. दुचाकीवरची पोरं वाकून बघून गेली. भाजीचा टेम्पो पुढं काढताना ड्रायव्हर ओरडला, "आजोबा, ढकलू का?" त्यांचा जबडा आवळलेला, उजवा पाय थरथरतोय, पण खाली दाबला नाही. प्रत्येक वळण संपलं की फक्त जावेकडं एक चोरटी नजर. ती खिडकीतून दरी बघत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच बघत असावी. "आवं, हितनं धरण दिसतंय की!" ती एवढ्या अपूर्वाईनं म्हणाली, की मी मागच्या सीटवर गॉगल घातला. उन्हासाठी नव्हे.

पोचलो तर आई घराच्या सोप्यात घोंगडीवर बसलेली. चाहूल लागली तसे तिनं हात पुढं केले, लेकीचा चेहरा चाचपला, कपाळ, गाल, हनुवटी. मग तिचं तोंड हुंगल्यासारखं केलं आणि विचारलं, "वकलीस न्हवं?"

"न्हाई गं आई. येक डाव बी न्हाई."

"खोटं!" म्हातारी म्हणाली, आणि लेकीला जवळ ओढून रडायला लागली. तीही रडली. आम्ही बाकीचे अंगणात आलो.

भाऊजी गाडीपाशी उभे होते. टपावर धूळ बसली होती, ती ते रुमालानं पुसत होते. हळू, एकाच जागी. मी जवळ गेले. आतून मायलेकींचं बोलणं येत होतं, रडण्याचं हसणं झालं होतं. भाऊजींनी माझ्याकडं न बघताच विचारलं, "वैनी, खरं सांगा. टपामुळंच न्हवं?"

जन्मभर त्यांची खोड काढायची एकही संधी मी सोडलेली नाही. जिभेवर उत्तर आलंसुद्धा होतं. पण त्यांचा तो थकलेला उजवा पाय अजून थरथरत होता.

"व्हय भाऊजी," मी म्हटलं, "टपामुळंच."