पाण्याला भार

बोट जितकी जड, तितकी लाट मोठी, हे मला सुरुवातीला पटतच नव्हतं. जन्मभर सगळं उलटंच पाहिलेलं. डोक्यावरची मोळी हलकी असेल तर पाय उचलतो, गाडीत ओझं कमी असेल तर बैल पळतो. आणि इथे धरणाच्या पाण्यावर बोट चालवायला लागलो, तर मालक सांगतो, वजन भर, मागून चांगली खाली बसव, जेवढी दबेल तेवढी बरी.

खेळ असा. बोटीला मागे लांब दोरी, दोरी धरून पाहुणा, पाहुण्याच्या पायांना फळी बांधलेली. बोट पळाली की तो पाण्यावर उभा राहतो आणि बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून उड्या मारतो. वेकबोर्ड म्हणतात त्याला. लाट बुटकी तर उडी बुटकी, आणि उडी बुटकी की पाहुणा शहरात जाऊन आम्हाला नावं ठेवणार. म्हणून वजन. खरं तर त्यासाठी बोटीत जाड रबरी पिशव्या असतात, पंपाने त्यांत पाणी भरायचं. आमच्या पिशव्या पहिल्याच पावसाळ्यात उंदरांनी खाल्ल्या. मग वाळूच्या गोण्या टाकल्या, तर त्या उसवल्या आणि वाळू बोटीतलं पाणी उपसणाऱ्या पंपात जाऊन बसली. शेवटी मालक वैतागून म्हणाला, "गोण्या बंद. माणसं बसव. माणूस काही गळत नाही."

मी बाला घेऊन आलो. बा म्हणजे माझा बाप.

आमच्याकडे, म्हणजे मोखाड्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर, जाडा माणूस दिसला की तो दुकानदार असतो नाहीतर मास्तर. बा दोन्ही नव्हता. जन्म वीटभट्टीवर आणि रोजंदारीवर गेला, खाणं नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर आणि उडदाचं वरण, तरी हाड असं रुंद की दारातून आत येताना तो खांदा तिरका करायचा. बोहाड्यात, म्हणजे देवांची सोंगं नाचवतात त्या जत्रेत, भीमाचं सोंग त्याचंच. आजी त्याला म्हणायची, खायला काळ आणि भुईला भार. सगळा पाडा तेच म्हणून हसायचा, आणि बासुद्धा हसायचा. पहिल्या दिवशी बोटीतून उतरला तेव्हा त्याने काठावर सगळ्यांना ऐकवलं, "आयुष्यभर मना भुईला भार म्हनला. आथा पान्याला भार झालो, आन् वर दिसाचा रोज मिलतो!"

बोट चालवणारा उजवीकडे बसतो, म्हणून तोल राखायला डावीकडे मागच्या कोपऱ्यात जड माणूस लागतो. ती जागा बाची. पाड्यावरचे आणखी दोघे पुढे-मागे बसायचे, पण ते बदलत राहायचे, त्या कोपऱ्यात मात्र कायम बा. अंगात नारिंगी जाकीट, आडवा बसलेला, एक डोळा मागे पाहुण्यावर. पाहुणा पडला की ओरडून मला सांगायचं, एवढं एकच बोलायचं काम. तो असा ओरडायचा, "पडला!", की समोरच्या डोंगरावरची गुरं माना वर करत. मी बोट वळवायचो. दिवसभरात आम्हा दोघांत तेवढंच बोलणं व्हायचं.

आणि तो खूश होता. मला वाटायचं, फुकट बसून खायला मिळतंय म्हणून खूश आहे. तसं मी त्याला चिडवायचोही.

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपून बोट पुन्हा पाण्यात घातली, तेव्हा ती उजवीकडे कलायला लागली. फार नाही. पण सुकाणू हातात असलं की कळतं, सायकलच्या एका बाजूला पिशवी अडकवल्यावर कळतं तसं. मी इंजिन तपासलं, तळ तपासला. मालकाने मात्र एका फेरीतच ओळखलं. बाच्याकडे बघून म्हणाला, "काका, उपास चाललेत का? डावी बाजू हलकी झालीय. असंच राहिलं तर दुसरा गडी बघावा लागेल हो." तो हसत म्हणाला, वाईट माणूस नव्हता तो. बासुद्धा हसला.

पुढच्या शनिवारी बोट सरळ. सुतासारखी सरळ.

मला बरं वाटलं. आईला सांगितलंसुद्धा, बा पुन्हा जेवायला लागला बघ. तिचं भाकऱ्या थापणं चालू होतं.

पण बाचं तोंड काही बोटीचं ऐकत नव्हतं. गाल आत गेले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. घरी कायम उघड्या अंगाने वावरणारा माणूस आता थंडी नसतानाही सदरा घालून बसायचा. ओहोळावर अंघोळीला जायचा तोही सगळ्यांच्या आधी, एकटा. भाकरीचा तुकडा मोडून तो बराच वेळ हातात धरून ठेवायचा. मी विचारलं की म्हणायचा, "मना कायव नाय झाला. तू गप बोट हाक."

मी ऐकलं नाही. जव्हारला जाणाऱ्या जीपमध्ये त्याला जवळजवळ ढकलूनच बसवला. दवाखान्यात नर्सबाईने त्याला वजनकाट्यावर उभा केला. सदऱ्यावरचं स्वेटर काढा म्हणाली, तर हा म्हणाला थंडी वाजते. बाहेर रांग दारापर्यंत होती, बाई कशाला वाद घालेल? काटा जिथे गेला ते बघून मीसुद्धा थक्क झालो. गडी होता तसाच होता. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण नीट बोलला. पोट दाबलं, जीभ बघितली, भूक कशी विचारलं. बा म्हणाला, बरी आहे. डॉक्टर मला म्हणाला, "काही मोठं असतं ना, तर आधी वजन उतरतं. यांचं तर उत्तम आहे. वयामुळे अशक्तपणा असेल." ताकदीच्या गोळ्या आणि बाटली दिली. येताना जीपमध्ये मी इतका मोकळा झालो की वडापाव घेतला, आणि बाने त्याचा वडा हळूच माझ्या कागदावर सरकवला. मी तो खाल्लाही.

अशीच अर्धी थंडी गेली. बोट सरळ चालत होती, लाट छान उठत होती, पाहुणे मोबाइलवर फोटो काढत होते.

मग एका दुपारी एक मुलगी फळीवरून पडली. बाने हाक दिली, मी बोट वळवून तिच्याजवळ नेली. बा फळी धरायला वाकला, आणि आमचीच मागची लाट येऊन बोटीला लागली. तो पाण्यात पडला.

मला आधी काही वाटलं नाही. जाकीट घातलेला माणूस बूच वर यावं तसा वर येतो, आम्ही रोज बघतो. बा वर आला नाही. जाकीट कानांपर्यंत चढलं आणि त्याच्या आतून तो खाली चालला. दोन हात तेवढे वर दिसत होते. मी इंजिन बंद केलं आणि उडी टाकली. त्या मुलीने त्याचा एक हात धरून ठेवला होता, नाहीतर तो तेव्हाच हातचा गेला असता. वरून त्या दिवशी बोटीत असलेला मालक आणि पाड्यावरचे दोघे ओढत होते, खालून मी ढकलत होतो, तरी तो उचलेना. असा जड माणूस मी आयुष्यात उचललेला नाही.

वर घेतल्यावर त्याला श्वास मिळावा म्हणून मी सदरा फाडला. आत, छातीखालपासून कमरेपर्यंत, लुगड्याच्या कापडाचा पट्टा गुंडाळलेला. दुहेरी शिवणीचा, कप्पे कप्पे केलेला, आणि प्रत्येक कप्प्यात ओली वाळू. ते लुगडं आईचं होतं. शिवणही तिची होती. मालकाने सांगितलंय, बोटीत सगळ्यांना बांधावा लागतो, असं सांगून बाने तिच्याकडून तो शिवून घेतला होता, हे पुढे कळलं.

मी त्याला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या. घाबरलो की मला राग येतो, तो बाच्याकडूनच आलेला गुण. "मरायचा आहे का तुला? मरायचाच होता तर माझ्या बोटीत कशाला बसलास?" असं काहीबाही ओरडलो. तो खोकत होता आणि दोन्ही हातांनी पट्टा झाकायला बघत होता. मग मी गाठ सोडली, पट्टा धपकन खाली पडला. पट्ट्याखाली माझा बाप उरलाच नव्हता. बरगड्या, खोल गेलेलं पोट, आणि वाळूने सोलवटलेली कातडी. मालकाने आपला टॉवेल त्याच्या अंगावर टाकला आणि तोंड फिरवलं. बोट तिथेच एका बाजूला कलून उभी राहिली.

मग नाशिक, नळ्या, तपासण्या. पोटातला रोग पसरलेला होता. तिथले मोठे डॉक्टर मला म्हणाले, इतके दिवस काय करत होता, माणूस असा वाळतो ते घरात दिसत नाही? मी म्हणालो, वजन उतरलं नव्हतं साहेब, जव्हारला काट्यावर केलं होतं. ते म्हणाले, शक्य नाही. तेव्हा मला सगळं सांगावं लागलं. बोट, लाट, डावा कोपरा, पट्टा. काट्यावरसुद्धा तो पट्टा बांधूनच उभा राहिला होता, कारण दवाखान्यातलं वजन मालकाच्या कानावर जाईल असं त्याला वाटलं होतं. डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "असं कोणी करतं का?"

मोहफुलं विकताना आमच्याकडे काही जण गोणीत तळाला दगड घालतात. बाने कधी घातला नाही. घालणाऱ्याला तो तोंडावर चोर म्हणायचा. त्याने आयुष्यात एकदाच काट्याला फसवलं, आणि तेही स्वतःच्याच जिवावर. याचा मला इतका राग येतो की काय सांगू. माणूस गेल्यावर त्याच्यावर रागावू नये म्हणतात. मी रागावतो. नागलीचं पेर करताना मधेच थांबून मी त्याला बोल लावतो. आईला एक शब्द बोललो नाही, पण ती हल्ली सुईला हात लावत नाही. साधं बटणसुद्धा शेजारणीकडून लावून घेते.

बा होळीच्या आधी गेला. त्याच्या थोडं अगोदरची एक दुपार आहे, तेवढी सांगतो.

त्याला उन्हात बसायला आवडायचं. मी त्याला उचलून अंगणात आणायचो आणि कुडाला टेकवून बसवायचो. उचलताना मी दुसरीकडे बघायचो, कारण हातांत काही आल्यासारखंच वाटायचं नाही, आणि ते माझ्या तोंडावर त्याला दिसू नये. त्या दिवशी त्याने विचारलं, त्या कोपऱ्यात आता कोण बसतं? मालकाने नव्या पिशव्या आणल्या होत्या, पंप लावला की लगेच भरायच्या. मी खोटं बोललो. म्हणालो, कोणी नाही, जागा रिकामी आहे. त्याला ते पटलं नसावं, पण बरं वाटलं.

मी त्याला विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तरी तोंडातून निघून गेलंच. म्हटलं, "एवढ्या रोजासाठी जीव घालवलास ना बा? मी कमवत नव्हतो काय?"

मी काहीतरी खुळ्यासारखं बोललो असावं, असा तो माझ्याकडे बघायला लागला.

"पैशापायी नाय रं," तो म्हणाला. "तठं बसला का तुझी पाठ दिसं."

मला कळलं नाही. त्याने दम घेतला.

"तू लहान व्हतास तवा तू आश्रमशालत, मी भट्टीवर. मोठा झालास तं तू ठाण्याला कामाव. कवा बसलो आपुन एका जागी? बोटीत दिसभर बसाला मिलं. मी मागं, तू म्होरं."

खरं होतं ते. वर्षातून गणपतीला आणि मे महिन्यात काय भेटायचो तेवढंच. इतके दिवस सलग आम्ही बापलेक आयुष्यात फक्त त्या बोटीत होतो, आणि मी एकदाही मागे वळून त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं, बोट चालवत होतो. मला रडू आवरेना. त्याचा हात धरून म्हटलं, "मंग सांगाचास ना बा. मी तुला तसाच बसवला असता. रोज बसवला असता."

त्याने मान हलवली. लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, "बिनवजनाचा मानूस कोन बसवील रं?"

हे तो रागाने बोलला नाही, कुरकुर म्हणूनही नाही. जे जन्मभर बघितलं तेच सांगत होता. पण त्या 'कोण'मध्ये त्याने मलाही धरलं होतं.