वेळेआधी दिलेलं बी

इंग्रजी शाळेतल्या पुस्तकांत बागेची पानं आधी पिवळी-तांबडी होत, मग बर्फ पडे. परभणीत आमच्या परसातली पानं गळत फाल्गुनात, आणि बर्फ मी चित्रातच पाहिला होता. आमचा रंग झेंडूचा. दसऱ्याला सगळं परस केशरी होई, दिवाळीला शेवंती येई आणि मार्गशीर्षात एखाद्या सकाळी दहिवरानं वाफे पांढरे दिसत.

निजामाच्या राज्यातल्या शेवटच्या हिवाळ्यात माझी शाळा सुटली होती. तहसिलीतली नोकरी सोडून वडील दसऱ्यानंतर हद्दीपलीकडे वाशीमला गेले होते. तिकडून त्यांचा निरोप आला : तुम्हीही निघा, कुणाला कळू देऊ नका. मग आई शेजारीपाजारी सांगू लागली, "गंगाखेडला जायलोत, गंगेच्या स्नानाला." मी गप्पच राहायची. माझं गप्प राहणं कुणाला नवं नव्हतं.

भीती होती ती भिंतीपलीकडची. तिथल्या खाला आईच्या जुन्या मैत्रीण. पण त्यांचा मुलगा आता रझाकारांचे खाकी कपडे घालून, खांद्याला बंदूक अडकवून फिरत असे. तो दिसला की आई आत येऊन दार लोटून घेई.

दरवर्षी आई वाळल्या झेंडूचं बी राखेत घालून चिंधीत बांधून ठेवी आणि मृग लागला की त्यातलं पहिलं खालांना देई. निघायच्या आदल्या सकाळी दहिवर फार पडलं. उरलासुरला झेंडू काळवंडला होता. आईनं दारावरचं तोरण उतरवलं, फुलं चुरली आणि भिंतीशी जाऊन हाक मारली, "खाला, पदर करा."

"अब्बीच?" खाला हसल्या. "बारिश कू बहुत दिन हैं ना गे. गंगाखेड जाने वाले बी बाँट के जाते क्या?"

आईचा हात भिंतीवरच राहिला. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. खालांचं हसू विरलं. त्यांनी मागे वळून आपल्या ओसरीवरच्या बुटांकडे पाहिलं आणि बी पदराच्या गाठीत बांधलं.

"सर्दी है. शाल लेके जाव," एवढंच म्हणाल्या.

"त्यांनी मुलाला सांगितलं तर?" मी घरात येऊन विचारलं.

"हाताची सवय गं," आई म्हणाली. माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा दाराशी आला तेव्हा तो मुलगा त्यांच्या उंबऱ्यात उभा होता. "कहाँ चले?"

आतून खालांचा आवाज आला, "गंगाखेड जा रै, नहाने कू. कित्ती बार बोलूँ? अंदर आ, चाय ठंडी हो री."

तो आत गेला. परसातून चालल्यानं माझ्या चपला भिजल्या होत्या. स्टेशन आलं तरी पाय गार होते.

पुढच्या दसऱ्याच्या सुमारास आम्ही परतलो. राज्य बदललं होतं. खालांच्या घराला दारं उरली नव्हती, आणि ती माणसं कुठं गेली हे गल्लीत कुणी नीट सांगेना. आमच्या परसात झेंडू फुलला होता. आपोआप उगवलेला नव्हे. सरळ ओळींत, आई लावायची तसा.

त्या वर्षी आईनं तोरण बांधलं नाही. फुलं झाडावरच वाळू दिली.