अर्धी गाडी सावलीत

बसमध्ये घर केलं म्हटलं की बाया डोळे मोठे करतात. मजा आहे बाप्पा तुमची, म्हणतात. मे महिन्यात या, मी म्हणते, एक दुपार बसा माझ्याजवळ, मग मजेचं बोलू.

आमच्या ह्यांचा जन्म गाड्या हाकण्यात गेला. आधी वणीला कोळशाचे ट्रक, मग प्रवासी गाड्या. मी घरी, हे रस्त्यावर. काम सुटलं तेव्हा भंगारात निघालेली एक बस घेऊन आले. सीटा काढल्या, मागे दिवाण टाकला, मधे ओटा केला, पुढच्या टपावर पाण्याची टाकी बसवली. म्हणाले, मी जिंदगीभर एकटा हिंडलो, आता तू चाल. किरायाची खोली सोडली आणि निघालो. त्याला दोन उन्हाळे झाले. हिवाळ्यात बरं वाटतं, खोटं कायले बोलू. पण आपल्या यवतमाळकडचा उन्हाळा किती लांब असतो ते तुम्हाला माहीत आहे.

बस म्हणजे लोखंडाची पेटी. त्यात ह्या जुन्या बसचं इंजिन आतच, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, वरून नुसतं झाकण. म्हणजे बाहेरून सूर्य आणि आतून ही भट्टी. ह्यांनी टपाला पांढरा रंग दिला, झाकणावर ओलं पोतं घालायला शिकवलं, आणि खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बसवल्या. ती मात्र खरी युक्ती. ताट्या ओल्या ठेवल्या आणि गाडी चालत असली, की वारा त्यातून गार होऊन आत येतो. कूलर नको, पंखा नको. वासही गोड येतो.

पण गंमत अशी, की गाडी चालली तर माणूस थंड राहतं आणि इंजिन तापतं. थांबली तर इंजिन निवतं, पण वारा बंद होतो आणि माणूस उकडतं. दोघांचं एकदम भागतं ते फक्त दाट झाडाखाली. म्हणून आमचा प्रवास म्हणजे एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत. सगळी झाडं ह्यांच्या डोक्यात. अमक्या गावापुढचा वड, तमक्या नाल्याजवळचा कडुनिंब.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेला ऊन लागलं. ही ह्यांची थोरली बहीण, झरी जामणीकडे एका लहान गावात एकटीच राहते. मी तिला बाईच म्हणते. तेंदूपत्ता तोडायला गेली आणि जंगलातच पडली. लोकांनी उचलून यवतमाळच्या दवाखान्यात आणली. आठ-दहा दिवस सलाईनवर होती. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, न्या घरी, पण पुन्हा ऊन लागलं तर ह्या वयात शरीर झेलणार नाही. अंग कोरडं पडलं, बोलणं थांबलं, तर समजा आलं संकट.

मी म्हटलं ॲम्ब्युलन्स करू. बाईने मानच हलवली.

"मले त्या पांढऱ्या गाडीत नका नेऊ. त्यात झोपून गेलेलं माणूस उठून आलेलं म्या पाह्यलं नाही. माह्या भावाची मोटर काय मेली काय?"

झालं. आता भावाची छाती फुगली. पहाटे निघायचं ठरलं होतं, पण दवाखान्यातून सुटता सुटता अकरा वाजायला आले. उद्या पहाटे जाऊ, असं मी दोनदा म्हटलं. पण खाट दुसऱ्याला दिलेली, आणि आमची गाडी उभी ती दवाखान्याच्या सिमेंटच्या अंगणात. रात्रीसुद्धा तिथे पाय ठेववत नव्हता. हे म्हणाले, पांढरकवड्यापुढे मोठ्या रस्त्यावर चिंच आहे, दोन ट्रक मावतील अशी. तिथवर वाऱ्याने जाऊ, दुपार तिथे काढू, ऊन कललं की घरी.

बाईकडे आम्ही नेहमी वणीवरून जायचो. पण तिकडे कोळशाच्या ट्रकांची धूळ, आणि आम्हाला तर खिडक्या उघड्या हव्या. म्हणून हा रस्ता. ह्या रस्त्याने हे गेले त्याला किती वर्षं झाली, ते मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

पांढरकवड्यापर्यंत ठीक चाललं. बाई दिवाणावर, डोक्याला ओला दुपट्टा, उशाशी कांदा. मी हातात पाण्याचा जग घेऊन ताट्या भिजवत फिरत होते. डावीकडून सुरुवात करायची, मागे जायचं, उजवीकडून पुढे यायचं, तोवर डावीकडची पहिली ताटी वाळलेली. पुन्हा सुरू. मधे इंजिनावरचं पोतं भिजवायचं, त्याची वाफ तोंडावर घ्यायची. गुडघे तर आधीच बोलतात माझे. हलत्या गाडीत एका हाताने दांडी धरून पाणी मारायचं म्हणजे काय, ते हलत्या गाडीतच कळतं. बाई मात्र खुशीत होती. म्हणे, लग्नात सुद्धा कोणी मले इतका वारा घातला नाही. मग भावाच्या लहानपणाच्या गोष्टी सांगत बसली, हा कसा बैलाच्या शेपटीला डबा बांधून पळाला आणि मार कसा तिने खाल्ला. तिची बडबड मला बरी वाटत होती. डॉक्टरचे शब्द डोक्यात होते ना.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि इंजिनाच्या तापाचा काटा चढायला लागला. ह्यांनी वेग कमी केला. वेग कमी झाला तसा वाराही कमी झाला. हे म्हणाले, आलीच आता. वळण गेलं. पुढचं वळण गेलं. रस्ता चांगला रुंद, मधे लाल-गुलाबी फुलांची खुजी झाडं, आणि दोन्ही अंगांना भगभगीत ऊन. सावलीचं एक पान नाही.

ह्यांनी गाडी अगदी हळू केली. बाहेर पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुठं गेली वं चिंच?" जसं काही मी ती खोलीत ठेवून आले होते.

मी काय सांगू? रस्ता मोठा झाला तेव्हाच गेली असणार. त्या माणसाचा चेहरा असा पडला, की मला रागवायचं होतं ते राहून गेलं.

मागे बाईचं बोलणं थांबलं होतं. मी मागे गेले. तिच्या कपाळाला हात लावला, कोरडं. काखेत हात घातला, तिथेही कोरडं. बाई, म्हटलं, बैलाचं पुढे काय झालं? तिने डोळे उघडले नाहीत. मी हातातल्या जगमधलं पाणी तिच्या अंगावर घातलं आणि पुढे येऊन ह्यांना सांगितलं, बाई बोलत नाही.

काटा पार टोकाला. चालवली तर इंजिन बसणार आणि उन्हात अडकणार. थांबवली तर बाई. हे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसते समोर बघत होते.

तेव्हा मला समोर बकऱ्या दिसल्या. दहा-वीस असतील. रस्त्याकडेला चालता चालता एकेक करून खाली उतरत होत्या आणि दिसेनाशा होत होत्या. ह्या वेळेला बकरी कुठे जाईल? सावलीलाच. मी म्हटलं, त्यांच्या मागं घाला गाडी.

मोठ्या रस्त्याखालून खेड्याचा रस्ता काढला होता, काँक्रीटचा बोगदा. आत काळोखी सावली, आणि वारा असा सुटला होता की बाहेर बसूनही ऐकू येत होता. पण टपावरची टाकी आडवी आली. बोगद्याची उंची तिच्यापेक्षा कमी. टाकी पुढच्या अंगाला आणि बाई मागच्या. म्हणून ह्यांनी बाहेरच गाडी फिरवली आणि मागे मागे घेत आत घातली, टाकी अडेपर्यंत. मागचं घर आत, इंजिन बाहेर उन्हात. आत एक बकऱ्यावाली बाई भाकर सोडून बसली होती. ती उठली.

"अवो, पुरी मोटर घालता काय? आमच्या बकऱ्या कुठं जातीन?"

मी म्हटलं, माय, अर्धीच घालतो, आमच्या घरात बीमार माणूस आहे. तिने आत डोकावून पाहिलं, आणि मग बकऱ्या एका भिंतीला लोटल्या. आम्ही मागचं दार उघडलं, ताट्या भिजवल्या. बोगद्याचा वारा एका खिडकीतून शिरून दुसरीतून निघायला लागला. गाडी उभी आणि वारा चालू, असं प्रथमच झालं. मी बाईच्या तळव्यांना ओलं फडकं घासत राहिले. मीठ-साखरेचं पाणी चमच्याने ओठाशी. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही, पाहायची हिंमत नव्हती. मग माझ्या बोटाला तिच्या गळ्याशी ओल लागली. मी घातलेलं पाणी तर कधीच वाळलं होतं. घाम होता तो.

ती पुटपुटली, "बकऱ्यायचा वास येऊन राह्यला."

मी तिथेच फरशीवर बसले.

हे मात्र पुढेच. इंजिनापाशी, उन्हातल्या अर्ध्या घरात. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नसतं, निवेपर्यंत राखण करतो म्हणाले. मी ताक घेऊन गेले तर स्टिअरिंगला डोकं टेकून बसलेले.

"बाईले मारलं असतं म्या आज," म्हणाले. "ज्या झाडाच्या भरोशावर निघालो, ते झाडच नाही. आता कोणतं हाय न् कोणतं नाही, काय माहीत."

"मागं चला," मी म्हटलं. "सावलीत बसा आधी."

आले. बहिणीच्या पायाशी बसले. बकऱ्यावाली आमच्या ताकातलं ताक प्यायली, आणि ऊन कलेपर्यंत आम्ही सगळे तिथेच, बकऱ्यांसकट.

दिवेलागणीला बाईच्या गावी पोचलो. तिच्या घरावर टिनाचं छप्पर. कुलूप काढून दार उघडलं तर आतून तंदुरासारखी झळ आली. बाईने उंबऱ्यातूनच पाहिलं आणि मागे फिरली. अंगणात तिचं मोहाचं झाड आहे, जुनं, अख्ख्या अंगणावर पसरलेलं. गाडी त्याच्याखाली लावा म्हणाली, मी आज दिवाणावरच झोपते.

आज म्हणाली होती ती. पाऊस पडेपर्यंत गाडी तिथेच राहिली, आणि पावसानंतरही. बाईने गाडीच्या आरशापासून आपल्या दारापर्यंत दोरी बांधली, कपडे वाळत घालायला. कधी निघायचं, हे ह्यांनी मला विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. ताट्यांना मी अजून पाणी मारते, पण बसून, एकेकीला, हळू. थकवा काही जात नाही. ह्या वयाचा थकवा जायला येतच नाही बहुतेक.

रोज सकाळी हे गाडी सुरू करून पाहतात. बॅटरी उतरू नये म्हणून, म्हणतात. दोरीवरची लुगडी थरथर हलतात. बाई घराच्या ओट्यावरून बघते, मी चुलीपाशी बघते. मग बंद करतात आणि चहा मागतात.