एकतीस नाकं

फणीमावशींचं खरं नाव त्यांच्या नोकरीच्या कागदावर आहे, आणि तिथंच ते सुखानं पडून आहे. पोरांनी ठेवलेलं नाव मात्र चाळीस शाळांत चालतं. मावशी शाळेत येतात, भिंतीला तक्ता टांगतात, सहा मीटरची दोरी ताणून पोराला तिच्या टोकाशी उभं करतात, त्याचा एक डोळा झाकतात आणि विचारतात, "फणीचे दात कुणीकडे?" तक्त्यावर अक्षरं नसतातच. नुसत्या तीन दातांच्या काळ्या फण्या, वर तळहाताएवढी, खाली उतरत उतरत मुंगीएवढी. पोरानं हातानं दाखवायचं, दात वर, खाली, इकडं की तिकडं. ज्याला दिसत नाही तो चौकातल्या हवालदारासारखा चारी दिशांना हात फिरवतो, आणि मावशी मनात म्हणतात, आला, हा आपला आला.

बाविसाव्या वर्षी त्या डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर लिहायला लागल्या. लिहिता लिहिता बघायला शिकल्या, बघता बघता तपासायला. गेली अकरा वर्षं त्या खेड्यापाड्यांतल्या शाळा फिरतात. चष्मा दवाखान्यातून येतो, पण फ्रेम निवडायची, काडी स्वतःच्या गुडघ्यावर धरून वाकवायची, पोराच्या कानामागं बसवायची आणि "आता मान हलव, आता उडी मार" म्हणून पडतो का बघायचा, हे सगळं मावशींचं. त्यांच्या नवऱ्याचं सायकलींचं दुकान आहे. तो म्हणतो, "हिला माणसं चेहऱ्यानं ओळखू येत नाहीत. परवा लग्नात मला कोपरानं ढोसून म्हणते, तो बघा, मायनस दीड आला. तो नवरदेव होता."

तर अशा या मावशींच्या कामाचंच मूल्यमापन करायचं ठरलं.

त्यासाठी वरून एक साहेब आले. वय पंचविशीचं, गळ्यात टाय, हातात टॅबलेट, आणि तोंडात एकच वाक्य, "मला फक्त मोजायचंय." मावशींनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव मोजणीसाहेब ठेवलं. मोजायचं ते असं. गेल्या वर्षी ज्या मुलांना चष्मे दिले त्यांच्या आठ शाळा चिठ्ठ्या टाकून काढायच्या, न सांगता जाऊन उभं राहायचं, आणि किती मुलांचा चष्मा नाकावर आहे ते लिहायचं. शंभरात साठ भरले तर कार्यक्रम पुढं चालू. कमी भरले तर या वर्षीच बंद, आणि मावशी परत केसपेपरच्या टेबलावर.

"घरी असतो, दप्तरात असतो, आजीनं घेतलाय, असलं काही चालणार नाही," साहेब म्हणाले. "नाक म्हणजे नाक."

सात शाळा झाल्या. शंभर मुलं, छप्पन्न नाकं. मावशींनी रात्रभर नव्हे, पण भाकरी भाजता भाजता हिशेब केला आणि दोन भाकऱ्या करपवल्या. आठव्या शाळेत एकतीस चष्मे होते. त्यातले तेवीस नाकावर सापडले तरच गाडी साठाच्या पुढं सरकणार.

"तेवीस म्हणजे काय, सहज," नवरा म्हणाला.

"तुमच्या दुकानातल्या किती सायकलींना घंटी आहे?"

नवऱ्यानं करपलेली भाकरी पुढं ओढली.

आठव्या शाळेच्या रस्त्यावर एक चूक झाली. वाट चुकली म्हणून साहेबांनी पिठाच्या गिरणीपाशी गाडी थांबवून शाळा कुठं विचारलं. गिरणीवाल्यानं हात करून रस्ता दाखवला आणि गाडीची धूळ बसायच्या आत मोठ्या बाईंना फोन लावला. "बाई, टायवाला माणूस येतोय. संगं त्या फणीवाल्या."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. शिस्तीची बाई. त्यांच्या शाळेत खडूचे तुकडेसुद्धा मोजलेले असत.

गाडी पोचली तेव्हा एकतीस मुलं एका वर्गात ओळीनं बसली होती, आणि एकतीसच्या एकतीस नाकांवर चष्मे. काचा अशा लखलखीत की खिडकीतलं ऊन प्रत्येकीवर वेगळं नाचत होतं.

साहेबांचा चेहरा उजळला. सात शाळांत त्यांना असं काही दिसलं नव्हतं. ते बोटानं मोजायला लागले, एक, दोन, तीन, आणि प्रत्येक आकड्याबरोबर मावशींचा पाय जमिनीपासून एक एक बोट वर उचलला जात होता. छप्पन्न आणि एकतीस सत्त्याऐंशी. साठच काय, पासष्टच्याही वर. मावशींना वाटलं, इथंच एक गिरकी घ्यावी.

"ऊठ गं, साहेबांना नमस्कार कर," मोठ्या बाई गिरणीवाल्याच्या मुलीला म्हणाल्या.

मुलगी उठली. ऐटीत दोन पावलं पुढं आली, सपाट फरशीवर पाय गुडघ्याएवढा उचलून काहीतरी ओलांडलं, आणि हात जोडून कपाटाला नमस्कार केला.

"लाजाळू आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

दुसऱ्या रांगेतला एक मुलगा वहीवर लिहीत होता, पण पेन्सिल वहीच्या चार बोटं बाजूला बाकावर चालली होती. त्याच्या शेजारचा स्वतःचे हात कधी जवळ, कधी लांब धरून बघत होता आणि हसू दाबत होता. मागं एक पोरगी बसल्या जागी हळूहळू डावीकडं कलत होती, आणि तिला सरळ करायला उजवीकडची जी पुढं झाली ती भलत्याच मुलीला सरळ करत होती.

मावशींनी गिरणीवाल्याच्या मुलीकडं नीट पाहिलं. ती मायनस चार. तिचा डावा कान जरा पुढं, म्हणून तिची काडी त्यांनी मुद्दाम जास्त वाकवली होती. ही काडी सरळ होती. वाकडी काडी तिसऱ्या रांगेत एका भलत्याच कानावर लोंबकळत होती.

आता गप्प बसायला फार काही करायचं नव्हतं. फक्त तोंड मिटायचं होतं. साहेबांचं बोट टॅबलेटवर टेकलंच होतं. मावशींनी तोंड मिटलं. मनात एक ते दहा मोजायला लागल्या. सहापर्यंत गेल्या, आणि तेवढ्यात बाकावर लिहिणाऱ्या मुलानं पेन्सिल शेजाऱ्याच्या शर्टावर चढवली आणि मन लावून तिथंच गणित सोडवायला लागला.

मावशींच्या नाकातून जे बाहेर आलं ते आधी शिंकेसारखं होतं. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"साहेब, लिहू नका," त्या म्हणाल्या. "नाकं बरोबर आहेत. चष्मे बरोबर नाहीत."

"म्हणजे?"

"एकाचाही चष्मा त्याचा स्वतःचा नाही."

मोठ्या बाईंना हे लागलं. "असं कसं? रजिस्टर आहे माझ्याकडं," म्हणत त्यांनी कपाट उघडून रजिस्टर काढलं. वर्षभर चष्मे कपाटात कुलपात होते. प्रत्येकाला हजेरीचा नंबर चिकटवलेला, दर शनिवारी मऊ फडक्यानं पुसलेले. "तुम्ही दिले तेव्हा एकतीस होते. आजही एकतीस आहेत. एकावर ओरखडा दाखवा. मूल्यमापनात वस्तू कमी पडली तर बोलणी कोण खाणार? पोरांच्या हातात दिले असते तर आठ दिवसांत फुटले असते, मावशी."

"आणि आज कसे वाटले?"

"हजेरीच्या नंबरानं. दहा मिनिटांत, धक्काबुक्की न होता."

"बाई," मावशी हळूच म्हणाल्या, "पोरं वरच्या वर्गात गेली ना हो. नंबर बदलले."

मोठ्या बाईंनी रजिस्टर पाहिलं, मुलांकडं पाहिलं, आणि त्या हळूच स्टुलावर टेकल्या.

मग जे झालं त्याला वर्ग म्हणणं अवघड आहे. मावशी मधोमध उभ्या राहिल्या. कागद बघायची त्यांना गरजच नव्हती. "मायनस दोन, इकडं ये. हा कुणाच्या नाकावर बसलाय? काढ. तू रे, प्लस दीड, त्या ताईचा तिला दे. तुझी काडी वाकडी होती, कान दाखव, हां, हीच." एकतीस चष्मे डोक्यांवरून, बाकांवरून, हातांहातांतून वाहायला लागले. साहेबांनी टॅबलेट काखेत मारला आणि तेही चष्मे पोचवायला लागले. एक त्यांनी चुकून स्वतःच्याच नाकावर घातला आणि दाराला "सॉरी" म्हणाले.

गिरणीवाल्याच्या मुलीला तिचा चष्मा मिळाला तशी ती दारात जाऊन उभी राहिली. रस्त्यापलीकडच्या टाकीवर काहीतरी रंगवलेलं होतं. "पाणी... जपून... वापरा," तिनं वाचलं. मग वर बघून म्हणाली, "टाकीवर कावळा आहे. त्याच्या तोंडात काडी आहे. मावशी, काडी दिसतीय." तिच्यामागून सगळे सुटले. कोण कौलं मोजतंय, कोण लांबच्या म्हशीला ओळखून तिच्या मालकाचं नाव सांगतंय, कोण नुसतंच झाडाखाली मान वर करून गोल फिरतंय. ज्यांना चष्मा नव्हता त्या पोरांनी आम्हालाही पाहिजे म्हणून गिल्ला केला.

साहेब व्हरांड्यात मावशींच्या शेजारी येऊन बसले. टाय खांद्यावर गेला होता.

"तुम्ही बोलला नसता तर एकतीस लिहिणार होतो मी."

"मला माहीत आहे."

"आता शून्य होतं."

"तेही माहीत आहे. त्रेचाळीस टक्के. दोन भाकऱ्या करपल्यात माझ्या त्यात."

साहेबांनी टाय खांद्यावरून खाली ओढला. "शाळेला आधी खबर लागली असेल तर मोजणी रद्द करून एकदाच परत यायची मुभा आहे. कधी ते सांगत नसतात. खबर लागलीच होती. मीच दिली, गिरणीपाशी." मग घसा साफ करून म्हणाले, "पण मावशी, परत शून्य आलं तर शून्यच."

जाण्याआधी मावशी मोठ्या बाईंपुढं उभ्या राहिल्या. "बाई, एक मागते. चष्मे परत कपाटात नको. पोरांच्या घरी जाऊ दे."

"फुटतील."

"फुटू दे."

"हरवतील, मावशी."

"हरवू दे. कपाटाला कुठं नंबर लागलाय?"

मोठ्या बाईंचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांना तिजोरी रस्त्यावर ओतायला सांगितलीय. पण तासाभरापूर्वीचा कपाटाला केलेला नमस्कार त्यांनीही पाहिला होता. त्यांनी मान हलवली.

पाच आठवडे गेले. मावशींनी या दिवसांत भाकऱ्या, भात, एकदा दूधसुद्धा करपवलं. नवऱ्यानं न सांगता दुकानातल्या सगळ्या सायकलींना घंट्या बसवल्या. मग एका मंगळवारी सकाळी साहेबांची गाडी दारात आली. "चला." कुठं ते सांगितलं नाही. गिरणी यायच्या आधीच त्यांनी गाडी लांबच्या वाटेनं घेतली.

मधली सुट्टी होती. मैदानात धूळ, आरडाओरडा, आणि धुळीत इकडंतिकडं काहीतरी चमकत होतं. साहेब फाटकातच उभे राहून मोजायला लागले. पोरं पळत असल्यानं एकाला दोनदा मोजलं, परत सुरुवात केली. शेवटी घंटा झाली आणि सगळे ओळीत आले.

धडधाकट चष्मे एकवीस. मोडके साहेबांनी मोजलेच नाहीत.

तेवीस पाहिजे होते. मावशींनी स्वतः परत मोजले. एकवीसच.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या, चेहरा रडवेला. "दाखवते साहेब, काही लपवत नाही. दोन हरवले. एक विहिरीत, एक बकरीनं नेला. तीन कुठं आहेत ते पोरंच सांगत नाहीत. आणि हे पाच बघा." पाच मुलं पुढं आली. एकाची काडी दोऱ्यानं बांधलेली, एकीची सायकलच्या ट्यूबच्या रबरानं. एकाच्या काचेला आडवी चीर. एकाला काडीच नव्हती, नाडा कानांमागून डोक्याला आवळला होता. गिरणीवाल्याच्या मुलीच्या चष्म्याला मधोमध चिकटपट्टीचा एवढा मोठा गोळा, की ती दोन्ही बाजूंनी त्याच्याभोवतून बघत होती. "पाच गेले, मावशी," मोठ्या बाई म्हणाल्या. "वर्षभर एक ओरखडा नव्हता हो."

मावशींनी साहेबांचं मनगट धरलं. "साहेब, तुमच्या फॉर्ममध्ये काय लिहिलंय? वाचा."

साहेबांनी वाचलं. "चष्मा नाकावर आहे का. होय, नाही."

"धड आहे का, असं कुठं विचारलंय?"

साहेबांनी वर पाहिलं, खाली सरकवून पाहिलं, मागचं पानही उघडलं. "नाही विचारलं."

"मग बघा की. कुठं आहे?"

पाच पोरं नाक वर करून उभी होती. साहेब एकेकापुढं वाकले आणि एक एक "होय" दाबत गेले. बावीस. तेवीस. चिकटपट्टीच्या गोळ्याला पंचवीस. नाड्याला सव्वीस. एकशे एकतिसात ब्याऐंशी, म्हणजे शंभरात बासष्टच्या वर. मावशींनी तोंडी हिशेब केला, परत केला, आणि मोठ्या बाईंचे दोन्ही हात धरून त्यांना एक गिरकी दिली. त्या शिस्तीच्या बाईंना गिरकीची सवय नव्हती, त्या थेट ओळीत जाऊन धडकल्या आणि पुढची तीन पोरं खाली बसली.

"म्हणजे फुटलं ते चांगलं झालं?" त्यांनी पदर सावरत विचारलं.

"फार चांगलं झालं. अजून फुटतील." मावशी व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या, पिशवीतून बारीक पेचकस आणि स्क्रूंची डबी काढली आणि गुडघा पुढं केला. "चला, मोडक्यांनी रांग लावा. नाडेवाला आधी."