हुडकेश्वरचे वकीलसाहेब

हुडकेश्वरच्या आमच्या वस्तीतल्या औषधविक्रेत्याला सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणत. कोर्टाची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. पण साधी तापाची गोळी मागणाऱ्याचीही ते उलटतपासणी घेत. जेवलात का, आणखी कोणती औषधं चालू आहेत, मागे कधी अंगावर पुरळ उठलं होतं का. उत्तर मिळेपर्यंत पाकीट त्यांच्या मुठीत. मी जन्माची घाईची. स्पिरिटच्या थंड, टोकदार वासात उभी राहून मी काउंटरच्या काचेवर बोटं वाजवत राही. “वहिनी, काच बिमार नाही,” ते म्हणत, “तिले काहून तपासून राहिल्या?”

ते उमरेडच्या विणकराचे चिरंजीव. वडिलांचं एक वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं: “धागा कुठं अडकला ते पाहिल्याबिगर ओढाचा नाही.” औषधाच्या चिठ्ठीवरून त्यांचं बोट फिरे तेही तसंच, सावकाश, गाठ शोधल्यासारखं.

काही पुरुष त्यांच्याकडे वेगळ्याच रीतीने येत. आधी खोकल्याच्या गोळ्या घेत, मग उगाच वजनकाट्यावर चढत, उतरत, पुन्हा चढत. आम्ही बायका कधी निघतो याची वाट पाहत. त्यांना रात्रीसाठी कोणती गोळी हवी असते, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. मीही पदराआड हसले आहे. वकीलसाहेब मात्र हसत नसत. खालच्या आवाजात डॉक्टरांची चिठ्ठी मागत. एकदा एकजण चिडून म्हणाला की ही गोळी सगळीकडे बिनचिठ्ठीची भेटते, तुम्हीच काहून कलेक्टर बनून राहिले. “भेटते ना गा,” ते म्हणाले. “पण तुह्या छातीचं तिथं कोणी विचारते का?”

माझे पती मौद्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले, त्यानंतरचा तो वैशाख. त्यांना मधुमेह होताच. जिना चढताना छातीत दुखे, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी दिली होती. दर महिन्याला मीच ती वकीलसाहेबांकडून आणत असे. त्या उन्हाळ्यात त्यांनी आपली गादी बैठकीत कूलरसमोर नेली. उकाड्याचं निमित्त होतं. पण उकाडा काय आजचा होता? आरशासमोर मी केसांतली पांढरी रेघ बोटाने चाचपत राही. कूलरच्या वाळ्याचा ओला सुगंध दारापर्यंत येई आणि तिथेच थांबे.

एका दुपारी त्यांनी माझ्या हाती बंद पाकीट दिलं. दुकानात दे, उघडू नको, म्हणाले. वकीलसाहेबांच्या प्रश्नांसमोर उभं राहण्याचं धैर्य त्यांच्यात नव्हतं.

वकीलसाहेबांनी आतली चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि पाकिटात परत ठेवली. त्या दिवशी त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, “साहेबाले सांगा, हे मी देणार नाही. जिभेखालची गोळी न् ही गोळी एका अंगात नको. दोन्ही नसा सैल करतात. बीपी असं पडते का माणूस पुन्हा उठत नाही.”

ही गोळी कोणती, हे घराकडे वळेपर्यंत मला उलगडलं होतं. वजनकाट्यावरचे ते चेहरे आठवले, आणि पदराआडचं माझं हसू.

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. ते स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर गेले. बर्डीच्या बाजारात कुठेही मिळेल, एवढंच पुटपुटले. मी अनवाणी धावले आणि स्कूटरचं हँडल धरलं. तापलेल्या लोखंडाने तळहात भाजत होता.

“मला वाटत होतं, मी तुम्हाला नकोशी झाले,” मी म्हणाले.

त्यांनी इंजिन बंद केलं. “आणि मला वाटत होतं, तुला कळलं तर...” त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

संध्याकाळी आम्ही दोघं दुकानात गेलो. वकीलसाहेबांनी त्यांना आतल्या स्टुलावर बसवलं. ही गोळी इच्छा निर्माण करत नाही, त्यांनी सांगितलं. मनात इच्छा असली तर रक्ताला वाट मोकळी करते. रक्ताशीच तिचं काम, म्हणून हृदय, रक्तदाब आणि चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना ठाऊक असल्यावाचून ती घ्यायची नसते. पतींनी मान खाली घालून कबूल केलं: हृदयाच्या डॉक्टरांना त्यांनी ही तक्रार सांगितली नव्हती, आणि पाकिटातली चिठ्ठी देणाऱ्या नव्या डॉक्टरांना हृदयाचं. “दोघाले अर्धं अर्धं सांगितलं, साहेब,” वकीलसाहेब म्हणाले. “ह्या तक्रारीत कधीकधी नसा अरुंद झाल्याची पहिली वर्दी असते. उद्याच जा, न् सारं सांगा.”

आम्ही गेलो. तपासणीत हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत अडथळे सापडले, वेळेवर उपचार झाले. जिभेखालची गोळी जवळ आहे तोवर ती दुसरी चालणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गादी तरीही आमच्या खोलीत परत आली. काही गोष्टी जमल्या, काही नाही. पण आता रात्री आम्ही एकमेकांना काय हवं, काय नको ते विचारतो.

गेल्या हिवाळ्यात वकीलसाहेब गेले. दुकान बंद झालं. परवा आम्ही चौकातल्या नव्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठीवर नजर टाकली, काही न विचारता औषधं पिशवीत भरली आणि पिशवी पुढे सरकवली. पती हलले नाहीत. मागे चार-पाच माणसं, त्यांत आमच्या गल्लीतल्या दोन बायका. मग पतींनी मधुमेहाच्या गोळीपासून आपली सगळी औषधं एकेक करून सांगितली आणि शेवटी त्या गोळीचं नाव घेतलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“ती मला चालत नाही,” ते म्हणाले. “कुठे तरी लिहून ठेवा.”

मुलीने पेन शोधलं. मागे कोणीतरी खोकलं. मी खाली पाहिलं नाही.