वास नसलेला माणूस

अल्बी ट्रेगेन्झाने उभा जन्म डिंगो मारण्यात घालवला आणि म्हातारपणी डिंगो सांभाळायची नोकरी मागायला आला. आमच्या टॅलो क्रीक गावात ही हकीकत हसत हसत सांगतात. मी तशी सांगणार नाही. ती घडली तेव्हा मी जाळीच्या अलीकडे उभा होतो. वन्यप्राणी पार्कातल्या कुंपणांची देखभाल माझ्याकडे असते.

आमचा मुलूख मेंढरांचा. माती तांबडी, गवत करडं, आणि कोरड्या नदीच्या कडेकडेने म्हाताऱ्या निलगिरींची रांग. डिंगो, म्हणजे इथला रानकुत्रा, कळपात शिरला की एक मेंढरू खातो आणि बाकीची फाडून टाकून जातो. म्हणून मेंढरांचे मालक सापळेवाला ठेवतात. अल्बी तो सापळेवाला. डिंगो मारला की मालकाच्या फाटकाजवळच्या झाडाला उलटा टांगायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं की माणूस काम करतोय. अल्बीची झाडं कधी रिकामी नसत. हे त्याने कधी लपवलं नाही, आणि त्याचा बडेजावही मिरवला नाही.

मग त्याची बायको एडना गेली. पाठोपाठ गुडघे गेले. मुलगी ग्लेनिस अडलेड शहरात राहते. तिने फोनवर सांगून टाकलं, "बाबा, रविवारी खोकी घेऊन येते. तुमची खोली तयार आहे. चौथा मजला आहे, पण लिफ्ट आहे." एकट्या माणसाने, काही काम नसताना, त्या घरात का राहायचं, हा तिचा सवाल होता. उत्तर एकच होऊ शकत होतं: काम. आणि गावात त्या आठवड्यात एकच जागा रिकामी होती, आमच्या पार्कातली, डिंगो सांभाळायची.

दारूच्या गुत्त्यात मर्व्ह डोहर्टीने त्याला चिडवायचं सोडलं नाही. मर्व्हची मेंढरं अल्बीने वर्षानुवर्षं राखलेली.

"अल्बी, अरे तुला ते ओळखतील की! त्यांच्या आज्या-पणज्या टांगल्यास तू."

"ओळखू देत."

"उद्या फाटकावर तूच उलटा लटकलेला दिसशील बघ."

"तर मला उतरवायला ये," अल्बी म्हणाला, "आणि शिडी आण, तुझी उंची पुरायची नाही."

डिंगोंचा विभाग नोलीन हाइन्रिख बघते. चाळिशीची बाई, उन्हाने रापलेली, बोलायला तुटक. तिचा एक नियम आहे आणि तो पार्काच्या मालकालाही मोडता येत नाही. नव्या माणसाला ती काही विचारत नाही. त्याला आवारात नेऊन जमिनीवर बसवते. हात गुडघ्यावर उघडे, नजर स्वतःच्या बुटांवर. हाक मारायची नाही, चुचकारायचं नाही, खाऊ दाखवायचा नाही. डिंगो आपल्या पायांनी जवळ आला तर नोकरी. नाही आला तर चहा पिऊन घरी.

शुक्रवारी अल्बी आला. मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. शर्ट धुऊन धुऊन पांढरा पडलेला, नखं कोरलेली, दाढी केलेली. तोंडात विडी नाही. गुडघ्यांतून कुरकुर काढत तो खाली बसला. पण बसला कसा, तर दगड बसावा तसा. श्वाससुद्धा दिसत नव्हता. आयुष्यभर डिंगोची वाट बघत बसलेला माणूस तो. बसणं त्याला शिकवायला नको होतं.

आवारात दोघे होते. क्लोव्हर ही मादी, आल्याच्या रंगाची, चारही पावलं पांढरी. टर्क हा नर, जरा घाबरट. क्लोव्हर कोणाकडेही जाते, पर्यटकांच्या पोरांच्या बुटांच्या नाड्यासुद्धा सोडते. ती अल्बीकडे निघाली, निम्म्या वाटेत थबकली आणि नाक वर केलं. एकदा डावीकडून हुंगलं, एकदा उजवीकडून. मग तिच्या मानेपासून शेपटीपर्यंतचे केस उभे राहिले. ती पाय मागे मागे टाकत गेली आणि टर्कला घेऊन कोपऱ्यात भिंतीला चिकटली. डिंगो सहसा भुंकत नाही. तिने गळा वर करून असा सूर काढला की पलीकडचे कांगारूही चरायचे थांबले.

अल्बी बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "कळतंय त्यांना. मर्व्ह बरोबर बोलला."

नोलीनने त्याला उठायला हात दिला आणि त्याच्या बाहीचा वास घेतला. मग कॉलरचा.

"काय केलंत तुम्ही?"

"काय म्हणजे? तयारी केली. कपडे निलगिरीच्या पाल्यात उकळले. अंगही त्याच पाण्याने धुतलं. साबण नाही, विडी नाही, कालपासून मटण नाही."

"कशासाठी?"

"डिंगो जवळ यायचा तर माणसाचा वास नको. हे मला तू सांगणार?"

नोलीन हसली. ती हसते हे मला तेव्हाच कळलं.

"अहो, ते सापळा लावताना! ही दोघं माणसांत वाढलीत. त्यांना माणूस दिसतो तो आधी नाकाने. समोर माणसाचा आकार बसलाय आणि त्याला वासच नाही. मी असते तर मीही भिंतीला चिकटले असते."

अल्बी टोपी हातात फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "मग मी धुतलं तेच चुकलं?"

"उद्या परत या. नेहमी असता तसे या."

"ते कोणाला आवडायचं नाही, नोलीन."

"तुम्ही मला आवडायची गरज नाही."

शनिवारी तो आला तो अंगावर दोन दिवस पुरेल इतका वास घेऊन. सकाळी चरबीत तळलेलं मेंढीचं मटण, विडीचा धूर, जुनं जाकीट, घाम. ते जाकीट घालून त्याने किती डिंगो टांगले असतील ते त्यालाच ठाऊक. नोलीनलाही ते कळत होतं. तिने ते काढायला सांगितलं नाही.

तो बसला. या वेळी दगडासारखा नाही. गुडघा दुखला तेव्हा "आई गं" म्हणाला, खोकला, नाक पुसलं. क्लोव्हर आली. थांबत थांबत, पण आली. आधी बूट हुंगला, मग जाकिटाची बाही, आणि बाहीपाशी ती फार वेळ थांबली. अल्बी बुटांकडे बघत होता. आजवर एवढ्या जवळून त्याने जे डिंगो पाहिले ते दात विचकलेले तरी होते, नाही तर मेलेले.

क्लोव्हरने बाही सोडली, एक चक्कर मारली आणि त्याच्या मांडीला पाठ लावून आडवी झाली.

"सोमवारी सातला," नोलीन म्हणाली. "आधी वॉम्बॅटच्या पिंजऱ्यातली घाण काढायची. डिंगो नंतर."

"हात लावू का हिला?"

"नाही. तिने लावलाय तेवढा पुरे."

रविवारी ग्लेनिस खोकी घेऊन आली. घराला कुलूप. शेजारच्यांनी तिला पार्कात धाडलं. कामावर रुजू व्हायला अजून एक दिवस होता, पण अल्बी आवारात बसलेला. क्लोव्हर त्याच्या पायावर डोकं टाकून झोपली होती.

"बाबा!" ग्लेनिस जाळीतून ओरडली. "सामान बांधलंत की नाही?"

"हळू बोल. झोपलीये ती."

"हे काय चाललंय? हे तेच ना, जे तुम्ही..."

"तेच."

"मला अंधार पडायच्या आत निघायचंय."

"मग नीघ. मला उद्या काम आहे."

मग ग्लेनिसनेही आवाज खाली आणला. म्हणाली, "निदान बाहेर तरी या. नीट बोलू आपण."

"येतो. ही उठली की."

"ती कधी उठणार?"

"ते तिच्यावर आहे," अल्बी म्हणाला.

मी तिला एक बादली पालथी घालून दिली. जाळीला पाठ लावून ती बसली आणि पिशवीतलं सँडविच काढून खाऊ लागली.