पडद्याला लावलेला कौल

एकाहत्तरची लढाई थांबल्याचं रेडिओनं सांगितलं, पण आमच्या मालकांची खुशाली काही येईना. ते रणगाड्यावर, तिकडं राजस्थानच्या वाळवंटात. घरात सासूबाई आणि मी, दोघीच. भाकरी थापताना लक्ष दाराकडंच असायचं माझं.

अशात कर्जतच्या बाजारतळावर तंबूतला सिनेमा आला. शेजारीण म्हणाली, "वाळवंटातल्या शिपायांचा हाय, गोऱ्यांचा." सासूबाई लगेच लुगडं बदलून तयार. मीही गेले मेली. कुठून बुद्धी झाली कोण जाणे.

भाषा कळत नव्हती, पण कळायला काय लागतंय? शिपाई वाट चुकलेले, पाणी संपलेलं, आणि वाळूखालून राक्षस वर यायचे, एकेकाला ओढून न्यायचे. बायकांच्या बाजूला कुणी पोरं कुशीत दडवली, कुणी डोळ्यांवर पदर घेतला. मी मात्र टक लावून बघत होते. आमच्याकडं देवाला कौल लावतात. मूर्तीला फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. मी मनातल्या मनात पडद्यालाच कौल लावला. एक उंच शिपाई होता, मालकांसारखा डावा खांदा पाडून चालणारा. हा वाचला तर आमचे वाचले.

तो अगदी शेवटाला गेला. वाळूवर नुसता हात राहिला, मग तोही दिसेना. एक बुटका तेवढा जिवंत सुटला.

घरी येताना मला रडू आवरेना. सासूबाईंनी विचारलं तसं सगळं सांगून टाकलं. त्या खेकसल्या, "येडी का काय तू? पडद्याला कुनी कौल लावतं व्हय? आन लावायचाच म्हनशील, तर मी बी लावला हुता. त्या बुटक्यावर. वाचला न्हवं त्यो? आईचा कौल बायकोच्या आदी."

काय सांगू, छातीवरचा धोंडाच उतरला. चार घास जेवले, झोपलेही.

पहाटे चूल पेटवायला उठले. देवाच्या कोनाड्यापुढं सासूबाई बसलेल्या, सिनेमाला नेसलेलं लुगडं तसंच अंगावर. हळू आवाजात देवाला सांगत होत्या, "कौलाला त्यो उंच मीच धरला हुता रं बाबा. चूक माजी हाय. तिचं कुकू पुसू नगंस. न्यायचंच तर मला ने."

मी पाऊल न वाजवता मागं फिरले. पुढं मालक सुखरूप आले, पण त्या पहाटे ते कुणाला ठाऊक होतं? तोंडात पदर कोंबून अंथरुणात पडून राहिले, आणि उजाडल्यावर सासूबाईंपुढं जाऊन म्हणाले, "लई झोप लागली बघा, आत्याबाई."